री कोणाची, गाणं कोणाचं?

मराठीत ‘री ओढणं’ हे कौतुकाने कुणाबद्दल म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. साहेबाची री ओढणारा कारकून, नेत्याची री ओढणारा कार्यकर्ता. ‘झील धरणं’ही त्याच वाटेने गेलं. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहणारे झीलकरी नेमकं काय करतात? शाहिराचा दम संपतो त्या जागी सूर उचलतात, त्याला उसंत देतात आणि तेवढ्या वेळात गाणं खाली पडू देत नाहीत. भाषेने मात्र त्या नेटाच्या कामावरून शब्द उचलला तो स्वतःचं मत नसलेल्या माणसासाठी.

कोरसमध्ये गाणारी एखादी गायिका पुढे स्वतःची गाणी लिहिते, स्वतःच्या नावावर आल्बम काढते, तेव्हा जी चर्चा रंगते तिच्यातही हाच जुना निकाल दडलेला असतो. एक पक्ष गहिवरतो: इतकी वर्षं अंधारात राहिली बिचारी, अखेर न्याय मिळाला. दुसरा पक्ष खांदे उडवतो: दम असता तर आधीच पुढे आली नसती का? भांडण जोरात चालतं, पण दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. मंचावर खरी जागा एकच, माईकपुढची मधली. बाकी सगळी वेटिंग लिस्ट. माझं म्हणणं असं की या प्रवासात ‘सोलो’ हा टप्पा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. निर्णायक टप्पा मधला, गाणं लिहिण्याचा. आवाज भाड्याने जातो आणि गाणं मालकीचं राहतं. ही वाटणी कुणी ठरवली आणि ती रास्त आहे का, यावर भांडायला हवं, आणि नेमकं त्यावर कुणी भांडत नाही.

आधी कामाबद्दल बोलू, कारण ‘लायकी’ हा शब्द इथे फार सैल हाताने वापरला जातो. स्टुडिओत तिघीजणी एका माईकभोवती उभ्या राहतात. ओळीचा शेवट ‘स’ने होत असेल आणि तिघींनी तो म्हटला, तर रेकॉर्डवर तीन वेळा फुसफुस ऐकू येते. म्हणून दोघी ते अक्षर गिळून टाकतात आणि एकटीच म्हणते. आवाजातला कंप तिघींचा सारखा कधीच नसतो, म्हणून तो आवरायचा. श्वास कुठे चोरायचा ते नजरेने ठरवायचं. मुख्य गायकाने आयत्या वेळी एखादी जागा लांबवली, तर चेहऱ्यावर काही न दाखवता तिच्याबरोबर लांबायचं. मी एकदा एका हौशी समूहगानात दोन तालमींपुरता उभा राहिलो होतो. तिसऱ्यांदा सगळ्यांना थांबवून संचालकबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही ऐकू येताय.” हा दोष आहे हे डोक्यात शिरायलाच मला थोडा वेळ लागला. आपला आवाज हवा तेव्हा विरघळवता येणं ही मोठ्या ताब्याची गोष्ट आहे, आणि ज्याला तो विरघळवता येतो त्याला तो वर काढणं जमत नसेल, असं मानायला काही आधार नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. मागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला पुढे यायचं नसतं. अमेरिकन गायिका लिसा फिशर हे त्याचं उत्तम उदाहरण. १९९१ मध्ये तिचा स्वतःचा आल्बम आला, त्यातल्या गाण्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, म्हणजे दार सताड उघडलेलं होतं. ती आत शिरली नाही. १९८९ पासून २०१५ पर्यंत ती रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्यांवर गात राहिली, गायक ल्यूथर व्हँड्रॉसच्या मागे गात राहिली, आणि त्याबद्दल तिने कधी रडगाणं गायलं नाही. तिला ‘बिचारी’ म्हणणं हा तिचा अपमान आहे. गहिवरणाऱ्या पक्षाला हे दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी समाधान फक्त मधल्या माईकपाशी मिळतं.

खांदे उडवणाऱ्यांचा मुद्दाही वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. उत्तम आवाज असूनही सोलो कारकीर्द चालली नाही, अशी उदाहरणं ढिगाने आहेत. अमेरिकेची मेरी क्लेटन घ्या. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये तिला मध्यरात्रीच्या सुमारास फोन आला की एका ब्रिटिश बँडला एक बाई हवी आहे. ती गरोदर होती, केसांना रोलर लावून झोपायच्या तयारीत होती. डोक्याला स्कार्फ गुंडाळून तशीच गेली, काही टेकमध्ये आपल्या ओळी गायली आणि घरी परत आली. रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’ या गाण्याच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटतो ती जागा आज जगभर लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. पहिल्या छपाईत वेष्टनावर तिच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलं होतं. पुढच्या वर्षी तिने तेच गाणं स्वतःच्या नावाने काढलं, ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७३ व्या क्रमांकापर्यंत पोचून थांबलं. झालं ना सिद्ध? आवाज होता, पण स्टार होण्याचं ‘ते काहीतरी’ नव्हतं.

मला यातून वेगळंच काही सिद्ध होताना दिसतं. ते गाणं ज्या आल्बममध्ये होतं तो बहुतांशी इतरांच्या गाण्यांचा होता, आणि आल्बमचं नाव ज्या गाण्यावरून ठेवलं ते गाणंही लोकांनी आधीच दुसऱ्याच्या नावाने घरी आणलेलं होतं. कोरसमधून पुढे आलेला माणूस दुसऱ्याचंच गाणं गात राहिला, तर जागा बदलली तरी काम तेच राहतं. फक्त अपयशाची जबाबदारी त्याच्या नावावर चढते. आणि गाणं चाललंच, तरी पैसा कुणीकडे वाहतो?

अमेरिकन गायिका डार्लीन लव्हची गोष्ट यासाठी नीट पाहायला हवी. १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘हीज अ रेबेल’ तिने गायलं, पण निर्माता फिल स्पेक्टरने ते क्रिस्टल्स या गटाच्या नावाने बाजारात आणलं. क्रिस्टल्सच्या मुली त्या वेळी देशाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. आपलं ‘हिट’ त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि मग ते मंचावर गाण्यासाठी शिकून घेतलं. पुढच्या वर्षी डार्लीनने स्वतःच्या नावावर नाताळचं एक गाणं गायलं. ज्या आल्बममध्ये ते होतं तो २२ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी बाजारात आला आणि बुडाला. गाणं मात्र तगलं, दर डिसेंबरला वाजू लागलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डार्लीन पोट भरण्यासाठी लोकांची घरं साफ करत होती, आणि एका बंगल्याचं न्हाणीघर घासत असताना रेडिओवर तेच गाणं लागलं. स्वतःचाच आवाज.

हा प्रसंग सांगणारे इथे हमखास थांबतात, कारण इथे डोळे पाणावतात. मी पुढे जातो. त्या क्षणी रेडिओवर वाजलेल्या गाण्याचे पैसे कुणाच्या खात्यावर पडत होते? अमेरिकन कायद्यानुसार रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. नेहमीच्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रचनेच्या मालकांना पैसे द्यावे लागतात. ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना एक सेंटही नाही. हा नियम मुख्य गायकालाही लागू आहे आणि तो आजही तसाच आहे. म्हणजे डार्लीन तिथे कोरसमध्ये होती की मधल्या माईकवर, याने त्या न्हाणीघरात काहीच फरक पडत नव्हता. पैसे त्या गाण्याखाली रचनाकार म्हणून ज्यांची नावं होती त्यांचे: एली ग्रीनिच, जेफ बॅरी आणि तोच फिल स्पेक्टर. यातली एली ग्रीनिच स्वतःही डेमो (नमुन्याची रेकॉर्डिंगं) आणि कोरस गाणारी. त्याच स्टुडिओ-जगातल्या दोन गायिका, दोघींचा गळा भाड्याचा. एकीच्या हातात पेन होतं. डार्लीनने पुढे रेकॉर्डच्या थकलेल्या रॉयल्टीसाठी कोर्टात धाव घेतली आणि १९९७ मध्ये तिला अडीच लाखांहून अधिक डॉलर मिळाले. ३५ वर्षांच्या हिशोबात ही रक्कम कशी दिसते ते ज्याने त्याने बघावं.

म्हणून मला डनीस विल्यम्स किंवा ग्वेन गथ्री या अमेरिकन गायिकांच्या कारकिर्दी ‘अंधारातून प्रकाशात’ या छापाच्या वाटत नाहीत. या बायका हिशोबाला पक्क्या होत्या. डनीस गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरच्या मागे, वंडरलव्ह या त्याच्या संचात गात होती. १९७६ मध्ये तिचा पहिला आल्बम आला. त्यातलं ‘फ्री’ पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्याच्या रचनाकारांत चार नावं आहेत, आणि तिच्या बाजूला आहेत ती मंडळीही त्याच मागच्या रांगेतली, वंडरच्या बासवादकासह. मागची रांग एकत्र बसून लिहायला लागली की काय होतं याचा हा नमुना. ग्वेन गथ्री जाहिरातींच्या जिंगल्स गायची, मोठमोठ्या गायिकांमागे कोरस गायची आणि त्याच काळात दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची. १९७५ मध्ये गायक बेन ई. किंगला पुन्हा वर आणणारं गाणं तिने सहलेखनात लिहिलं. ११ वर्षांनी तिच्या स्वतःच्या नावावर जे गाणं अमेरिकेच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत अव्वल ठरलं, ते तिनेच लिहिलं होतं आणि तिनेच निर्माण केलं होतं. त्याचा विषय काय? घरभाडं. प्रेम वगैरे ठीक, पण भाडं कोण भरणार, असा रोकडा सवाल. कोरस गाणारीलाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

व्हँड्रॉसचं उदाहरण आणखी बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण तोही आधी मागच्या रांगेतलाच, आणि तिथे एकाच रेकॉर्डवर श्रेय न मिळालेलं आणि मिळालेलं, दोन्ही प्रकारचं काम सापडतं. १९७४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी फिलाडेल्फियात ‘यंग अमेरिकन्स’ हा आल्बम रेकॉर्ड करत होता आणि २३ वर्षांचा व्हँड्रॉस मित्राबरोबर नुसता बघायला आला होता. गाणं ऐकता ऐकता त्याने शेजारच्या गायिकेला सांगितलं, इथे असं असं म्हटलं तर? बोवीच्या कानावर ते पडलं आणि ती ओळ गाण्यात गेली, अशी हकीकत सांगितली जाते. शीर्षकगीताच्या श्रेयात नाव एकट्या बोवीचं आहे. त्याच आल्बममधलं दुसरं गाणं व्हँड्रॉसच्या आधीच्या एका गाण्यावर बेतलेलं, आणि तिथे मात्र बोवी-व्हँड्रॉस अशी जोडी छापलेली आहे. सुचवलेलं विरून गेलं, लिहिलेलं उरलं. व्हँड्रॉस हा धडा शिकला असावा, निदान मला तसं वाटतं. १९८१ च्या त्याच्या पहिल्या सोलो आल्बममध्ये एक सोडून सगळी गाणी त्याने स्वतः लिहिलेली आहेत.

इथे कुणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. ज्याला हवं त्याने पेन घ्यावं. पण लेखकाची व्याख्याच मुळात वाकडी असेल तर? अमेरिकन गायिका शेरिल क्रोकडे बघा. मायकेल जॅक्सनच्या १९८७ ते ८९ च्या जगभरच्या दौऱ्यात ती मागे गायली, १९९३ मध्ये तिचा आल्बम आला, १९९५ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले. तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे शब्द विन कूपर नावाच्या कवीच्या एका कवितेवरून घेतलेले होते, आणि कवीचं नाव रीतसर लागलं. एकूण रचनाकार पाच. तरीही यशानंतर तिच्याबरोबर बसून गाणी करणाऱ्यांपैकी काहींनी उघड नाराजी बोलून दाखवली की आमचा हात लोकांना दिसत नाही. त्यात कोण किती बरोबर, या वादात मी पडत नाही. मुद्दा इतकाच की मागच्या रांगेतून आलेला माणूस पुढे पोचला की त्याच्यामागे नवी मागची रांग तयार होते. रांगेतल्या एकेकाला पुढे ओढून अन्याय संपत नाही, आणि म्हणून ‘अखेर न्याय मिळाला’ या उद्गारावर माझा विश्वास बसत नाही.

सर्वांत जुना आक्षेप असा: ठरलेली बिदागी दिली, व्यवहार संपला. गवंड्याला घराच्या भाड्यात वाटा कुणी देतं का? हे फक्त कंपन्याच म्हणतात असं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदी चित्रसृष्टीत याच प्रश्नावर दोन थोर गायकांचं बिनसलं. लता मंगेशकरांचं म्हणणं, रेकॉर्ड वर्षानुवर्षं विकली जाते तर गायकाला त्यात वाटा हवा. महंमद रफींचं म्हणणं, मानधन घेतलं की आपला संबंध संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफींची भूमिका निर्लोभी माणसाची होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण निर्लोभी माणसाच्या भूमिकेवर धंद्याचा नियम बेतला की फायदा लोभी माणसाचा होतो. गवंड्याची उपमाही इथे चालत नाही. भाडेकरू अमक्या गवंड्याचा हात लागलाय म्हणून घर घेत नाही. क्लेटनचा आवाज फाटतो ती जागा ऐकायला मात्र माणूस गाणं मागे घेतो.

आणि वाटे वाढले तर धंदा बसेल, ही भीती? हेच एकेकाळी गीतकार-संगीतकारांना ऐकवलं गेलं होतं. हॉटेलात वाद्यवृंद वाजतो, पण गिऱ्हाईक पैसे देतं जेवणाचे. मग संगीतकाराला कशाचे द्यायचे? १९१४ मध्ये अमेरिकेतल्या रचनाकारांनी यासाठी ॲस्कॅप ही संस्था काढली आणि तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या शॅन्लीज रेस्टॉरंटविरुद्धचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाचा आशय इतकाच होता, की संगीत परवडत नसतं तर हॉटेलवाल्याने ते कधीच बंद केलं असतं. हॉटेलं बंद पडली नाहीत. पुढे डिजिटल रेडिओच्या पैशांतही अमेरिकेने कोरसचा वाटा काढला आहे: शंभरातले अडीच टक्के पडद्यामागच्या गायकांना, अडीच वादकांना. त्यानेही आभाळ कोसळलेलं नाही.

आपल्याकडे यात एक मेख आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात गायकासह सर्व कलाकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, त्याचं स्वागतही झालं. पण त्याच दुरुस्तीत असंही म्हटलं आहे की चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो कायद्याच्या लेखी ‘कलाकार’ नाही. त्याला हक्क उरतो तो फक्त आपल्या कामाची विकृत मोडतोड रोखण्यापुरता. आता हा रिवाज ठरवतं कोण? ज्यांना पैसे द्यायचे आहेत तेच. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या रेकॉर्डवर लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’चं होतं. तेव्हाचा रिवाजच तसा होता, आणि श्रोत्यांनी ही गाते कोण म्हणून विचारून भंडावलं तेव्हा तो मोडला. कोरसच्या बाबतीत असं विचारणारं अजून कुणी नाही. आपण एकीकडे ‘तिला न्याय मिळाला का’ यावर तावातावाने बोलतो, आणि आल्बममधल्या बाकीच्या आवाजांची नावं वाचायला कधी स्क्रीन खाली सरकवत नाही.

रचना म्हणजे फक्त कागदावर आधी उतरलेलं काहीतरी, हा समज जिथे कोर्टाच्या दारात आला ती गोष्ट क्लेअर टोरीची. २१ जानेवारी १९७३, रविवार, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. टोरी कोरस-सेशनची गायिका, शिवाय स्वतःही गाणी लिहिणारी. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या मंडळींनी तिला बँडमधल्याच रिचर्ड राइटची पियानोची सुरावट ऐकवली. शब्द नाहीत, चाल नाही, सांगणं इतकंच की काहीतरी गा. तिने नेहमीच्या सवयीने ‘ओ बेबी’ वगैरे सुरू केलं, ते नको म्हणाले. मग तिने आवाज एखाद्या वाद्यासारखा वापरायचं ठरवलं, दोन-अडीच टेक दिले, रविवारची दुप्पट बिदागी म्हणून ३० पौंड घेतले आणि घरी गेली. हे काही रेकॉर्डमध्ये घेणार नाहीत अशी तिची समजूत होती. घेतलंय हे तिला दुकानात आल्बम दिसला तेव्हा कळलं, आणि तो तिने पैसे मोजून विकत घेतला.

त्या गाण्यात जी चाल लोकांना आठवते ती सगळी तिची आहे. २००४ मध्ये, ३१ वर्षांनी, तिने दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आकडा गुप्त राहिला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या त्यानंतरच्या आवृत्त्यांवर रिचर्ड राइटच्या पुढे एक जास्तीची ओळ छापलेली असते: गायनरचना, क्लेअर टोरी.